गाभण शेळीला जंतनाशक पाजण्यापूर्वी
शेळ्यामेंढ्यांना सर्रास पाजले जाणारे आल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभणपणाच्या पहिल्या 30 दिवसांत देऊ नये. गाईंसाठी ही मर्यादा 45 दिवसांची आहे. हे औषध जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याचे पोषण तोडते, परंतु गर्भाच्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवरही त्याचा परिणाम होऊन, विशेषतः मात्रा जास्त झाल्यास, हाडांत व्यंग असलेले करडू जन्मू शकते. खरी अडचण अशी, की पहिल्या महिन्यात शेळी गाभण असल्याचे बाहेरून ओळखूच येत नाही. म्हणून बोकड कळपातून वेगळा केल्यानंतरही महिनाभर हे औषध टाळावे, आणि जंतांचा त्रास असलाच तर फेनबेंडाझोलसारख्या तुलनेने सुरक्षित पर्यायाबद्दल पशुवैद्यकांना विचारताना बोकड कळपात कधी होता, त्या तारखा आवर्जून सांगाव्यात.