समाजशास्त्र घेतलंय? मग एक प्रश्न धरून बसा

एफवायबीएला समाजशास्त्र घेतलं की पहिल्या महिन्यातच व्याख्या अंगावर येतात: दर्जा, भूमिका, सामाजीकरण, सामाजिक संस्था. पाठ करून पेपर निघतो, पण डोक्यात काही उरत नाही. माझ्यापुरता उपयोगी पडलेला मार्ग सांगतो. वर्षभर एकच सामाजिक प्रश्न धरायचा आणि शिकाल ती संकल्पना त्यावर लावून बघायची.

मी बीडचे ऊसतोड कामगार घेतले. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेऊन ही कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. हिशेब कोयत्याचा, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एवढं कळलं की बालविवाहाचा धडा वेगळाच दिसायला लागतो. अठराच्या आत मुलीचं लग्न बेकायदा आहे, हे आईबापांनाही ठाऊक असतं. पण वयात आलेली पोर सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? मुलाकडच्यांनाही उचलीसाठी जोडी हवीच असते. 'लोक अडाणी आहेत' म्हणून इथे भागत नाही (वर्गात पहिलं उत्तर हमखास हेच येतं). माणसाच्या निर्णयाला आधीच वळण देऊन ठेवणारी ही मांडणी, तीच पुस्तकातली सामाजिक संरचना. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांत फरक केला, तोही इथे नीट कळतो.

संस्कृतीचंही तसंच. ती सणावारांपुरती नसते. कामावर खाडा झाला की दंड, पाळीबद्दल बोलायचं नाही, आणि उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या, सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागे पैसा किती आणि लाज किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. परीक्षेत मात्र 'आर्थिक कारणे' आणि 'सांस्कृतिक कारणे' असे दोन रकाने करायला लावतात, ते मला कधीच पटलं नाही.

जातीसाठी डॉ. आंबेडकरांचा १९१६ चा कोलंबिया विद्यापीठातला निबंध आधी वाचा. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, हा त्याचा गाभा. छोटा आहे, दोन बैठकांत होतो.

प्रकल्पासाठी फडावर गेलात तर 'लग्न लवकर का केलं?' असं सुरुवातीलाच विचारू नका, माणसं गप्प होतात. उचल किती घेतली, गेल्या वर्षीची फिटली का, मुकादम कोण, इथून सुरू करा. लग्नाचा विषय ती माणसंच आपणहून काढतील.