इंदुरात नवं बिऱ्हाड, नवा कॉम्प्युटर: डिस्क आणि बॅकअपचं आधी ठरवा

पुण्या-नागपूरहून बदलीवर आलेल्या कुटुंबाचा इथला पहिला महिना कागदपत्रांतच जातो. भाडेकरार, गॅसची जोडणी, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, आणि इथे पदोपदी मागितली जाणारी समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक. ती दोन असतात, कुटुंबाची आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याची नऊ आकडी. दोन्ही लिहून ठेवा. हे सगळं स्कॅन होऊन घरच्या कॉम्प्युटरवर येतं, आणि तिथे जुने फोटो आधीच असतात. नवं मशीन घेताना प्रोसेसरवर जेवढा खल होतो, त्याच्या निम्मा तरी डिस्कवर व्हावा.

सुटे भाग बघायचे तर आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मारा. चार दुकानांत भाव विचारा, पण बिल पक्कं घ्या आणि त्यावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी त्या नंबरावर चालते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही.

साध्या घरगुती डेस्कटॉपला विंडोजसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) आणि फोटो-व्हिडिओसाठी २ टीबीची साधी हार्ड डिस्क पुरते. एसएसडी घेताना मदरबोर्डाचं मॅन्युअल बघा. एम.२ खाचेत (बोर्डावरची एसएसडीची चपटी जागा) बसणाऱ्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई नसतात, काही साटाच्या, म्हणजे जुन्या, हळू जोडणीच्या असतात. शिवाय काही बोर्डांवर एम.२ खाच वापरली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, आणि मग ‘हार्ड डिस्क दिसतच नाही’ म्हणून लोक डिस्क परत करायला निघतात. आधी केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघावी. ५१२ जीबीच्या जागी ४७६ आणि १ टीबीच्या जागी ९३१ दिसले तर फसवणूक झालेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

दुकानदार विचारेल, ‘भैया, सी-डी-ई बना दूँ?’ म्हणजे एकाच डिस्कचे तीन भाग. नको म्हणा. शंभर जीबीचा सी करून द्यायची जुनी सवय आहे. विंडोजचे अपडेट आणि फोनचे बॅकअप मिळून तो वर्ष-दीड वर्षात तुडुंब भरतो. ५१२ ची एसएसडी अखंड सी म्हणूनच ठेवा.

हार्ड डिस्क नवी असेल तर स्टार्टवर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. पहिल्याच वेळी डिस्कची मांडणी जीपीटी की एमबीआर असं विचारतं, तिथे जीपीटी निवडा. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. नंतर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या हार्ड डिस्कवर, म्हणजे डी वर न्या: फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. त्याआधी वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोल्डर-बॅकअप बंद करा, तो चालू असला तर लोकेशन बदलताना घोळ होतो. आणि नुसतं डी कधीच देऊ नका. डी वर ‘घर’ नावाचा फोल्डर करून त्यात हलवा. नाहीतर अख्खा डी ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ बनतो आणि ते निस्तरणं कटकटीचं असतं.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरी झाली तर ते चांगलंच, पण बोर्ड बदलला किंवा बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं की ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा आकडा मागितला जातो. खातं मुलाच्या नावाने आणि मुलगा बंगळुरूला, असं झालं की घरचे अडकतात. ती की छापून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.

आता बॅकअप. चार टीबीची एक बाहेरची डिस्क घेण्यापेक्षा दोन टीबीच्या दोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. शेल्फवर ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको, महिनोन् महिने विजेविना पडून राहिली तर तिच्यातला डेटा उडू शकतो. ‘२ टीबी’ लिहिलेला स्वस्तातला पेन ड्राइव्ह तर घेऊच नका. आत चिप ३२ किंवा ६४ जीबीची असते. पुढच्या फायली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत नाहीत.

पहिली डिस्क घरात राहील. तिला डिस्क मॅनेजमेंटमधून एक्स हे अक्षर कायमचं द्या, म्हणजे पेन ड्राइव्ह लावला तरी अक्षर सरकणार नाही. कंट्रोल पॅनलमध्ये फाइल हिस्टरी ही विंडोजची बॅकअपची सोय चालू करून हीच डिस्क निवडा. ती दर तासाला बदललेल्या फायली उचलते आणि जुन्या आवृत्त्याही राखते. फक्त लायब्ररी (विंडोजमधली डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांची यादी), डेस्कटॉप आणि अशा मोजक्याच जागा तिच्या कक्षेत येतात. डी वर सुटा टाकलेला फोल्डर लायब्ररीत जोडला नाही तर तो बाहेरच राहतो. केबल निळ्या यूएसबी पोर्टात लावा. जुन्या पोर्टात २०० जीबीला दीड तास लागतो, निळ्यात अर्धा.

दुसरी डिस्क या घरात ठेवायचीच नाही. आग, चोरी, छतातून गळती, किंवा सगळं कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, यांतून जोडलेली डिस्क वाचत नाही. बाहेरगावाहून आलेल्यांची यात एक सोय असते: गणपतीला, दिवाळीला गावी जाणं होतंच. निघण्याआधी ही दुसरी डिस्क फ्रीफाइलसिंक या फायली जुळवून कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने ‘अपडेट’ पद्धतीने भरा. ‘मिरर’ नको, तो इकडे चुकून पुसलेलं तिकडेही पुसतो. रात्रीच्या बसला डिस्क डिकीतल्या बॅगेत टाकू नका, स्वेटरात गुंडाळून जवळच्या पिशवीत ठेवा. आजोबांच्या कपाटात ती राहू द्या आणि पुढच्या फेरीला इकडची तिकडे, तिकडची इकडे. अदलाबदल केली की फाइल हिस्टरीत ड्राइव्ह नव्याने निवडावा लागतो.

गूगलचे फुकट १५ जीबी हा बॅकअप नव्हे. जीमेल, फोटो आणि व्हॉट्सअॅप तिघं मिळून ते खातात, आणि फोनवर पुसलेला फोटो तिथूनही जातो.

महाराष्ट्रातून आणलेल्या जुन्या मराठी फायली श्रीलिपीत किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतील तर फॉन्टही बॅकअपमध्ये घ्या. इथल्या दुकानांत हिंदीचा कृतिदेव मिळेल, पण त्यात आजोबांचं मृत्युपत्र अगम्य चिन्हांत उघडेल. त्याची पीडीएफ आजच करा.

पावसाळ्यात लाइट जाते-येते. ६०० व्हीएचा यूपीएस कॉम्प्युटर बंद करण्याइतका वेळ देतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. तीन-चार महिन्यांनी बॅकअपमधली पाच-सहा फोल्डरं दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडून बघा, आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ०५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर) आणि सी५ (वाचताना अडणारे सेक्टर) या ओळी तपासा. सी५ शून्यावरून हलला की त्याच दिवशी डेटा काढून घ्या आणि नव्या डिस्कची सोय करा. फक्त सी७ (केबलवरच्या चुका) वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक असते, साटाची केबल बदला.