शास्त्रवाचन सुरू करताय? उत्पत्तीपासून नको

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की गाडी बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर अडते. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे 50 अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात, पण पुढच्या निर्गम पुस्तकाच्या 25 व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं आणि त्यानंतरच्या लेवीय पुस्तकातले यज्ञांचे नियम लागतात. नवख्याचं वाचन तिथेच सुटतं.

त्यापेक्षा मार्कापासून सुरुवात करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, हेच सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. पहिल्या अध्यायात 45 वचनं (क्रमांक दिलेली वाक्यं) आहेत, मोठ्याने वाचली तरी सात-आठ मिनिटं पुरतात. चौथ्यात पेरणाऱ्याचा दाखला (बोधकथा) येतो: वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, चांगली जमीन. तो घाईने उरकू नका, दोनदा वाचा.

पुढचा हिशोब सोपा आहे. नव्या करारात, म्हणजे शुभवर्तमानांपासून सुरू होणाऱ्या बायबलच्या दुसऱ्या भागात, 260 अध्याय, आठवड्याला पाच वाचले तर 52 आठवड्यांत पुरे. उरलेले दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवा. कापूस वेचणीत किंवा शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असली की खाडा होणारच, तो त्या दोन दिवसांत भरून निघतो. मोठा खाडा पडला तर मागचं एकदम उरकत बसू नका, खुणेपासून पुढे चला.

वेळ घड्याळापेक्षा कामाला बांधा, जसं सकाळच्या चहाआधी. वाचल्यावर वहीत तारीख, अध्याय आणि न कळलेलं एक वचन, एवढंच टिपा. ती वही रविवारी पाळकांपुढे (चर्चच्या धर्मगुरूंपुढे) ठेवा. मोबाईलवर वाचणार असाल तर आधी नोटिफिकेशन बंद करा. छापील प्रत असेल तर उत्तमच.