काळ्या मातीवर हिरवं घर : या चुका टाळा

"आम्ही ना, पर्यावरणपूरक घर बांधतोय." इंदूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही पाठ झालंय. "सोलर लावणार, पावसाचं पाणी जिरवणार आणि राखेच्या विटा वापरणार." मी विचारतो, प्लॉटवर माती कोणती आहे? सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "माती? काळीच असेल की."

काळीच असते. राऊकडे जा नाहीतर सुपर कॉरिडॉरकडे, काल जिथे सोयाबीन डोलत होतं तिथे आज कॉलनीची कमान उभी आहे. सोयाबीनला जी माती मानवते ती पायाला मानवत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. माझं निम्मं आयुष्य साइटवर गेलं, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे आणि थोडं स्वतः केलेलं.

शोषखड्डा पायाला खेटून खणणं

मावसभावाची गोष्ट सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, त्याच्या बायकोची नाही.

राऊच्या अलीकडे ३० बाय ५०चा प्लॉट. नवरा-बायको, दोन मुलं आणि मावशी. गच्चीचं सगळं पाणी जमिनीत मुरवायचं ठरलं. उत्तम. खड्डा कुठे? मावशी म्हणाली, पाणी ईशान्येला. ईशान्येच्या कोपऱ्यात पायापासून जेमतेम तीन फूट जागा होती, तिथेच ठेकेदाराने चार बाय चारचा, सहा फूट खोल खड्डा खणला आणि सगळ्यांच्या देखत दोन बादल्या पाणी ओतलं. जमीन गटागटा प्यायली. "देखो भिया, कैसे पी रही है!" मला फोन आला, "दादा, पाणी लगेच मुरतंय. ठीक ना?" मी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात होतो, हातात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण होता, आणि मी म्हणालो, "ठीक." ते 'ठीक' मला अजून टोचतं.

कारण तो मे महिना होता. मे महिन्यात काळी माती पाणी पीत नाही, पाणी भेगांतून पळून जातं. एकदा माती भिजून फुगली की भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन घड्याच्या बुडासारखी होते. त्या खड्ड्याला मुरूम लागलाच नव्हता. सहाच्या सहा फूट काळी माती.

आता हिशेब बघा, जो आम्ही कुणीच केला नव्हता. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ४,६०० लिटर पाणी येतं. खड्ड्यात रिकामा असताना २,७०० लिटर मावलं असतं, पण त्यात गिट्टी आणि कोळसा भरल्यावर उरली हजार-अकराशे लिटरची जागा. पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा भरला, उतू गेला, आणि पुढचे तीन महिने पायाशेजारी पाणी साचून राहिलं.

सप्टेंबरात त्या कोपऱ्यातल्या कोठीच्या खोलीचं दार लागेना. सुताराने रंधा मारून दिला. पुढच्या मे महिन्यात तेच दार आपोआप उघडायला लागलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी भेग गेली. तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं राहायचं. सगळं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. इथे एकच कोपरा फुगत होता आणि तोच आकसत होता.

मग काय केलं? खड्ड्यातली गिट्टी उपसली आणि मुरूम थराथराने ठोकून भरला. घराच्या चारी बाजूंनी जोत्याला लागून चार फुटांची फरशी बाहेर उतार देऊन घातली. गच्चीचे पाइप वळवून फाटकाजवळ आणले. तिथे आधी पाच हजार लिटरची टाकी, आणि ती भरली की उरलेलं पाणी एका भोकातून थेट खाली मुरमात. हे भोक काळी माती ओलांडून जातं, एवढाच त्याचा मोठेपणा. भेग लगेच बुजवली नाही. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली आणि दोन पावसाळे नुसतं बघत बसलो. ठेकेदार म्हणत होता, पुट्टी मारून टाकतो. त्याचं तर सगळ्यावर हेच औषध.

माझी आता सवय अशी: जिथे खड्डा घ्यायचा तिथे दीड फुटाचा छोटा खड्डा खणून संध्याकाळी भरतो, रात्री परत भरतो, सकाळी पुन्हा काठोकाठ भरून तासाभराने पट्टीने मोजतो. बोटाच्या पेराइतकंही पाणी उतरलं नसेल तर तिथे शोषखड्डा म्हणजे डबकं. आणखी खाली जा, मुरूम शोधा. पायापासून १५ फूट मिळत नसतील तर पाणी मुरवायचा हट्ट सोडा आणि साठवा. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तरी त्या गच्चीवरून साठ-पासष्ट हजार लिटर पाणी मिळतं. सगळं साठवता येणार नाही, पण पाच हजारांची टाकी पावसाळ्यात कितीतरी वेळा भरते आणि रिकामी होते.

आणि वास्तूचं म्हणाल तर मावशीशी मी भांडत नाही. पण नव्या प्लॉटवर पहिला खर्च मातीच्या तपासणीचा करा. काळा थर जाड निघाला तर साध्या फुटिंगवर, म्हणजे उथळ पायावर, अडून राहू नका. पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, आणि त्यातले खाली फुगा असलेले साधारण साडेतीन मीटरच्या खाली, जिथे ओल वर्षभर सारखी राहते तिथे जाऊन टेकतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने या मातीसाठीच ते रूढ केले. भेगा पडलेलं घर पाडून पुन्हा बांधण्यापेक्षा जास्त सिमेंट कशालाच लागत नाही.

चुन्याला घाई करणं

हे माझं दुसरं लाडकं दुखणं. कुणीतरी व्हिडिओ बघतं आणि ठरतं की आतून चुन्याचा गिलावा करायचा. निवड चांगली आहे. चुना सिमेंटपेक्षा कमी आंचेवर भाजला जातो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. पण मग तासभर चर्चा होते ती गूळ किती, मेथी किती, बेलफळ कुठून आणायचं यावर. चुना किती दिवस भिजलाय, हे कुणी विचारत नाही.

कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, आणि तो थंड झाला की लोकांना वाटतं झालं काम. मी पिंपात, वर पाण्याचा थर ठेवून, निदान तीन आठवडे भिजवतो आणि मग गाळतो. न फुटलेले खडे भिंतीत गेले तर ते महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच फुलतात आणि गिलाव्याचे टवके उडवतात, जशी देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यावर राहतात तशी खळी.

एका ओळखीच्या घरी दसऱ्याचा मुहूर्त होता. वास्तुशांत ठरली, पत्रिका वाटल्या. गिलावा भर श्रावणात, तोही पाऊण इंचाचा एकच जाड थर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो. त्याला वेळ लागतो, मोकळी हवा लागते, थर पातळ लागतो. इथे वरची साय वाळली आणि आत लगदाच. रंगाऱ्याने त्यावर प्लास्टिक पेंट मारून दिला, तोही मुहूर्ताच्या चार दिवस आधी. मी दिवाळीच्या फराळाला गेलो तेव्हा हॉलच्या भिंतीवर हातभर पापड फुगले होते. यजमान म्हणाले, "चुनाच बोगस निघाला." चुना बिचारा काय करणार?

मार्चमध्ये सगळं खरवडून पुन्हा केलं. अर्ध्या इंचाच्या आतले थर, दोन थरांत दहा-बारा दिवस, वर फक्त चुन्याच्या निवळीचे पातळ हात. मिस्त्रीवर नजर ठेवायची ती एकाच गोष्टीसाठी: तो तुमची पाठ फिरली की "थोडी ताकत के लिए" म्हणून पाटीभर सिमेंट ढकलतो. आणि थांबायची तयारी नसेल तर सरळ सिमेंटचा गिलावा करा, कुणी नावं ठेवणार नाही. चुना घ्यायचा आणि वेळ सिमेंटचा द्यायचा, हे मात्र करू नका.

राखेच्या विटा घेतल्या की झालं, असं समजणं

खंडवा जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे राख आपल्याला लांबून आणावी लागत नाही, हे खरं. पण ओली, चार दिवसांची वीट गाडीतून उतरवली तर भिंतीला केसासारख्या भेगा येणारच. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. आवाज बद्द आला तर गाडी परत. राख मिसळलेल्या सिमेंटलाही पाणी जास्त दिवस मारावं लागतं. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटला ७ दिवस सांगतं, राखमिश्रिताला १०, आणि कोरड्या, गरम हवेत १४ सुचवतं. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाण्याची नळी गुंडाळलेली असते. नळीने भिंत धुण्यापेक्षा बारदानं ओली करून लावा, टँकरही कमी लागतात.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत, म्हणजे विटा काठावर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची, मला स्वतःला आवडते. सुमारे पाव हिश्श्याने विटा वाचतात, भिंत तापतही कमी. फक्त ज्या मिस्त्रीने ती कधी रचलेली नाही त्याला तुमच्या घरावर शिकू देऊ नका. कंपाउंडच्या भिंतीवर शिकू द्या. ओट्याचा कडप्पा आणि जड कपाटं कुठे येणार हेही आधी ठरवा, तिथली भिंत भरीव हवी.

सोलर शेवटी आठवणं

नकाशा झाला, स्लॅब पडला, जिन्याची टपरी आणि पाण्याची टाकी दक्षिणेला चढली, आणि मग सोलरवाला आला. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. एका पॅनेलवर सावली पडली तर त्या ओळीतली बाकीचीही हात आखडतात. केंद्राच्या २०२४च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते मिळतं म्हणून घाईने लावणारे पुष्कळ, गच्चीवर डिसेंबरातल्या दुपारी उभं राहून सावली बघणारा मला आजवर एकच भेटला, आणि तो शाळेत भूगोल शिकवायचा.

पश्चिमेला काच लावणं

नको. 'व्ह्यू' साठी तर अजिबात नको. समोर शेजाऱ्याचा कूलर आहे. माळव्याचे दिवस तापतात पण रात्री थंड होतात, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत. ती रात्रीची हवा घरात घ्यायला समोरासमोर खिडक्या आणि त्यांना डासांची जाळी हवी. जाळीचा खर्च एसीपेक्षा किती कमी, ते विचारूनच बघा. दिवसा पडदे ओढा, रात्री उघडा. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पाण्याला फुकट समजणं

इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदा येते, ती नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, विंध्य चढून, पंपांवर. त्या पंपांच्या विजेसाठी महापालिकेने जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला आणि २०२३ मध्ये त्यासाठी २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. म्हणजे आपल्या गावात टाकी उतू गेली की वीजच गटारात जाते. गच्चीवर तीन किलोवॅट लावलेल्या घरात बॉलकॉक मात्र सहा महिने गळका, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

बाकीच्या पटापट

गच्चीचं पाणी गाळल्याशिवाय बोरिंगमध्ये सोडू नका, पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या. आसामचा बांबू आणि परदेशी लाकूड ट्रकने आणून त्याला हिरवं म्हणू नका, कोटा फरशी जवळ आहे. गच्चीवर बाग करायची असेल तर ती स्लॅबच्या आधी इंजिनिअरला सांगा, ओली माती फार जड असते. पाडलेल्या जुन्या घराची सागवानी दारं घ्या, फक्त वाळवी बघून. गच्चीला पांढरा चुना दरवर्षी, होळीच्या आसपास.

आणि झाडं. कडुनिंब, गुलमोहर, काहीही लावा, पण भिंतीला चिकटून नाही. मोठं झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतली ओल ओढून घेतं आणि पुन्हा तोच कोपरा बसतो, तीच तिरपी भेग. मावसभावाच्या बायकोला बुजवलेल्या खड्ड्यावर बकुळ लावायची होती. मावशीने तिथे तुळशी वृंदावन बांधून घेतलं, ईशान्य रिकामी राहायला नको म्हणून. त्याला रोज एक तांब्या पाणी लागतं. तेवढं चालतं.