गाडीत पायाशी दिवे बसवताना

रात्री जालना-बीड रस्त्यावर गाडी थांबवून खाली पडलेली किल्ली शोधायची, तर पायाशी उजेड हवाच. १२ व्होल्टची एलईडी पट्टी पुरते. एकेक फुटाच्या दोन पट्ट्या मिळून एक अँपिअरही घेत नाहीत, म्हणून लाइनमध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज नसेल तर हे काम करूच नका.

दार उघडताच दिवे लागावेत, तर छताच्या दिव्याच्या वायरीतून जोड घ्या. पण आधी मल्टिमीटर लावून पाहा: बऱ्याच गाड्यांत दाराचा स्विच प्लसऐवजी अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली मायनस बाजू, तोडतो. तसं असेल तर पट्टीची मायनस वायर त्या स्विचच्या वायरीला जोडायची, बॉडीला नाही. नाहीतर दिवे कायम जळत राहून बॅटरी उतरते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. बंद गाडीत पट्टीमागचा डिंक सुटतो आणि पट्टी थेट ब्रेकच्या पेडलवर लोंबते. हे फार धोक्याचं आहे. डॅशबोर्डखाली पट्टी आणि वायर केबल टायने घट्ट आवळा. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका.

रंग पिवळसर, उजेड मंद ठेवा.