रोरिकच्या रीतीने हिमालय रंगवताना

रशियन चित्रकार निकोलस रोरिक मूळचे सेंट पीटर्सबर्गचे. १९२८ नंतर कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थिरावले आणि १९४७ साली तिथेच वारले. त्यांच्या कित्येक चित्रांत ना देऊळ, ना मूर्ती, नुसते डोंगर; तरी समोर उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. ही किमया रंगांच्या क्रमात आहे.

सामान साधंच. रोरिक तैलरंगांऐवजी टेम्परा हा पाण्यात मिसळणारा रंग वापरत; तो चकाकत नाही. आपलं काम पोस्टर कलरवर भागतं: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, क्रिमसन, लेमन यलो, पांढरा. काळी बाटली कपाटातच ठेवा. कागद जाड घ्या.

१. आधी ऊन ठरवा. पहाटे कांचनजंगेच्या ८,५८६ मीटर उंच माथ्यावर ऊन येतं, तेव्हा खालची दरी काळोखातच असते. वर जाग, खाली झोप: सगळं प्रतीक एवढ्यात आलं. म्हणून उजळ रंग एकाच जागी.

२. पेन्सिलीने डोंगरांच्या तीन-चार रांगा आखा. खडक न् खडक काढत बसू नका, आकार सपाट ठेवा.

३. मागून पुढे रंगवत या. लांबची रांग फिकट निळी, जवळची गडद. सगळ्यात पुढे अल्ट्रामरीनमध्ये थोडा क्रिमसन घालून जांभळट करा. माझ्या पहिल्या चित्रात सगळंच एका निळ्यात झालं. धुण्याची नीळ सांडल्यासारखं दिसत होतं.

४. धुकं मात्र प्रत्येक रांगेबरोबरच, पुढची रांग रंगवण्याआधी. रांगेचा रंग ओला असतानाच तिच्या पायथ्याशी पाणीदार पांढरा ओढा. वाळल्यावर ओला ब्रश फिरवलात, तर खालचा थर उठून गढूळ चिखल होतो. नीट जमलं की शिखर दरीपासून सुटतं, तरंगायला लागतं. बर्फापलीकडे शंभाला ही गुप्त भूमी आहे, या तिबेटी बौद्ध परंपरेतल्या कल्पनेने रोरिकना झपाटलं होतं. धुक्याच्या पट्ट्यामुळे तिथवर जायची वाटच दिसेनाशी होते.

५. शेवटी शिखर. पांढऱ्यात लेमन यलोचा जेमतेम थेंब. सावलीच्या बाजूला कोबाल्ट. निव्वळ पांढरा चुन्यासारखा दिसतो.

माणूस काढायचाच असेल, तर तांदळाच्या दाण्याएवढा, खालच्या काळोखात, पाठमोरा. चेहरा काढलात की बघणारा शिखर सोडून त्यालाच न्याहाळत बसतो.