मुराबह्याची फाइल तपासताना

मी मूळचा रत्नागिरीचा, गेली नऊ वर्षं बहरैनमध्ये एका इस्लामी बँकेत शरिया ऑडिट करतो, म्हणजे व्यवहार इस्लामी नियमांप्रमाणे झालेत का ते तपासतो. आमच्या विभागात कुणी नवीन आलं की पहिली फाइल मी गाडीच्या मुराबह्याची देतो. मुराबह्यात बँक कर्ज देत नाही. शोरूमकडून गाडी स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ग्राहकाला हप्त्यांवर विकते.

फतव्याची, म्हणजे धर्मपंडितांच्या मंजुरीची, प्रत बाजूला ठेवा, ती सगळ्या फाइलींत सारखीच असते. आधी तीन कागद शेजारी शेजारी मांडा: ग्राहकाचं खरेदीचं वचन, शोरूमचं बँकेच्या नावचं बिल आणि शेवटी बँकेचा ग्राहकाशी झालेला विक्रीकरार. ते याच क्रमाने झालेले हवेत. नुसत्या तारखेवर जाऊ नका, वेळ बघा. एका फाइलीत तिन्ही कागद एकाच दिवसाचे होते. करारावर ग्राहकाची सही १०.४० ची, शोरूमचं बिल ११.१५ चं. स्वतःची नसलेली गाडी बँकेने विकून टाकली होती! 'आयोफी' ही इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानकं ठरवणारी संस्था १९९१ पासून इथेच बहरैनमध्ये आहे. तिचं मुराबह्यावरचं ८ क्रमांकाचं मानक सांगतं, वस्तू आधी बँकेच्या मालकीत आणि ताब्यात यायला हवी. शाखेतला माणूस म्हणाला, "पस्तीस मिनिटांनी काय बिघडतं?" सगळंच बिघडतं. व्याज नको म्हणून तर ग्राहक आपल्या दारी येतो. मधली मालकी काढली की हातात व्याजच उरतं.

असं काही सापडलं तर शाखेशी बोलून मिटवू नका, थेट शरिया मंडळाकडे लिहा. आयोफीच्या नियमाने मंडळात किमान तीन आलिम, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार, लागतात, त्यांना भागधारक नेमतात आणि बँकेचा संचालक त्यात बसू शकत नाही. विक्रीचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे, त्याने निकाल देऊ नये म्हणून ही सोय. आमच्या त्या फाइलीतला नफा मंडळाने धर्मादायाला द्यायला लावला.

उशिरा भरलेल्या हप्त्याचा दंडही धर्मादायालाच जातो. म्हणून त्याचं खातं उघडून बघा, तो बँकेच्या उत्पन्नात मिसळलेला नाही ना.

आणि कागदावर वेळच नसेल, तर शाखेला विचारू नका. शोरूमला फोन करा.